रांगेचा भाव

जालन्याच्या बाजार समितीत मोसंबी घेऊन आलेला शेतकरी, भाव पटला नाही तर माल परत नेण्याची निदान धमकी तरी देऊ शकतो. तोच शेतकरी पोटात कळ उठलेल्या मुलाला घेऊन दवाखान्यात गेला, की घासाघीस विसरतो. काय घ्यायचे आणि किती घ्यायचे, हे तेथे विकणाराच सांगतो. केनेथ ॲरो या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६३ साली हेच मांडले : रोगी हा इतर बाजारांतल्यासारखा गिऱ्हाईक नव्हे.

मग सरकारने भाव बांधावा, हे ओघानेच आले. २०१७ साली हृदयरोग्यांना बसवायच्या स्टेंटच्या किमतीवर केंद्राने मर्यादा घातली. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरचे पैसेही घेणे बंद झाले. चांगलेच झाले, यावर नाक मुरडणाऱ्याने बायकोची पोत गहाण टाकून औषध आणलेले नसते.

पण किंमत काढून टाकली म्हणून वस्तू विपुल होत नाही. डॉक्टर तेवढेच, खाटा तेवढ्याच. पैशाच्या जागी रांग येते. मंठ्याहून पहाटेच्या एस. टी. ने जालन्यास आलेल्या बाईचा त्या दिवसाचा रोज बुडतो, सोबत आलेल्याचाही बुडतो; तपासणी उद्यावर गेली, तर दुसराही. हा भाव कोणत्याही फलकावर लिहिलेला नसतो.

तरीही पैसा आणि रांग यांत निवड करायची तर मी रांगच पत्करीन. ती ऐपत विचारीत नाही. आधी कोण आले, एवढेच विचारते. मात्र तिच्यात सगळे हवेत. आम्ही मास्तर, तलाठी, ग्रामसेवक पगार सरकारचा घेतो, दुखणे आले की खाजगी दवाखाना गाठतो, आणि मोठ्या आजाराच्या बिलाची भरपाई पुन्हा सरकारी तिजोरीतूनच मागतो. कोणी म्हणेल, तुम्ही बाहेर पडलात तर रांग तेवढी आखूडच झाली. त्या दिवसापुरती झाली, हे खरे. पण ज्याला अर्ज लिहिता येतो, ज्याची साहेबाकडे ओळख आहे, तोच तेथे उभा नसला, तर एका खिडकीच्या दोन खिडक्या व्हाव्यात म्हणून भांडायचे कोणी?

२०२४ साली जालन्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. डॉक्टर वाढतील. तेथल्या बाकड्यावर मंठ्याच्या त्या बाईशेजारी एखाद्या अधिकाऱ्याची आई केसपेपर घेऊन बसलेली दिसते का, हे मला पाहायचे आहे.