उगवण तपासलेली प्रत

मृगाच्या तोंडावर जालना, भोकरदन, अंबडच्या कृषी सेवा केंद्रांत पाय ठेवायला जागा नसते. बियाणे आणि खत उधारीवर जाते, सोयाबीन-कापूस विकला की बाकी चुकती होते. मधल्या महिन्यांत कुणाची किती बाकी, कुणी दिवाळीला किती भरले, हे अनेक दुकानांत एका जुन्या संगणकातच असते. विंडोज ७, टॅली, बॅटरी उतरलेला यूपीएस. वीज गेली की संगणक धाडकन बंद. असाच एखादा दिवस हार्ड डिस्कचा शेवटचा ठरतो.

मग दुकानदाराला आपली येणी बहुतेक आठवतात. शेतकऱ्याने पावती न घेता भरलेल्या पैशाला मात्र त्या संगणकाखेरीज साक्षीदार नसतो. दुसऱ्याचा हिशेब आपल्या यंत्रात घेतला की ती त्याची ठेव झाली, आणि ठेव सांभाळण्यात हयगय करायचा अधिकार कुणालाच नाही, असे मला ठामपणे वाटते.

‘बॅकअप आहे ना, डी ड्राइव्हमध्ये,’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात. सी आणि डी बहुधा एकाच डिस्कचे दोन भाग असतात. ती गेली की दोन्ही गेले. कायम जोडून ठेवलेला पेनड्राइव्हही कामाचा नाही. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेला वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस जोडलेल्या ड्राइव्हवरच्या फाइलीही कुलूपबंद करत होता, आणि विंडोज ७ला तर जानेवारी २०२० नंतर सर्वसाधारण सुरक्षा अपडेटही मिळत नाहीत. त्यापेक्षा दोन एक्स्टर्नल हार्ड डिस्क घ्याव्यात आणि आलटून पालटून वापराव्यात. प्रत घेतली की डिस्क काढायची. एक दुकानात, दुसरी घरी. डिस्क एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली नको, तिच्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही.

आणि तपासणी. ती जवळजवळ कुणीच करत नाही. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको ही कंपनी सुरू केली, तेव्हापासून बियाण्यांसाठी ओळखला जाणारा हा मुलूख. इथे घरचे सोयाबीन पेरण्याआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतात. सत्तर उगवले तर बी पेरायचे. बॅकअपचीही उगवण अशीच पाहावी. ती प्रत दुसऱ्या संगणकावर रिस्टोअर करून चार खातेदारांची बाकी ताडून पाहावी. पुस्तके संगणकावर जुळवणाऱ्या डीटीपीवाल्यांनी तर आपल्या प्रतींची अशी तपासणी नक्कीच करावी. जुन्या श्रीलिपी फॉन्टमधला मजकूर तो फॉन्ट नसताना उघडला तर पडद्यावर निरर्थक चिन्हे येतात, आणि गावाचा स्मरणग्रंथ हाती असून वाचता येत नाही. फाइलीबरोबर फॉन्ट ठेवावा, पीडीएफही काढावी.

दुकानदारांना आणखी एक विनंती. पेरणीआधी प्रत्येक खातेदाराला त्याच्या खात्याचा उतारा छापून, सही करून द्या. त्यात चूक असली तर डिस्क शाबूत असताना, दोघे समोरासमोर बसलेले असतानाच ती सापडेल.