देवाने घेतलेली पावती

संतसज्जनहो, अन्नदान श्रेष्ठ हे आपण नित्य ऐकतो. पण श्रेष्ठ म्हणून ते आपोआप योग्य मुखी पडते, असे नव्हे. गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी सात्त्विक दान सांगताना देश, काल आणि पात्र पाहावयास सांगितले आहे. जन्मभर आम्ही यावर निरूपण केले; अर्थ मात्र २०२१ साली महाडात कळला.

त्या वर्षी २२ जुलैला सावित्रीचे पाणी महाड शहरात शिरले. त्याच दिवशी तळिये गावावर डोंगर कोसळला. पोलादपूर तालुक्यातही दरडींनी माणसे नेली. पाठोपाठ गावोगावाहून अन्नाच्या गाड्या आल्या. देणारे धन्यच! पण हमरस्त्यालगतच्या एका आळीत दिवसातून तीनदा पुरीभाजी आली, उरली ती आंबली. ज्याची चूल भिजली, सरपण वाहून गेले, त्याच्या पदरात कोरडे तांदूळ पडले. ओल्या घरात ते बुरसले. आणि रस्ता तुटलेल्या वाडीवर काहीच पोचले नाही. देश चुकला, काल चुकला, पात्रही चुकले.

खरे सांगतो, पहिल्या दिवशी एका गाडीवर आम्हीही होतो. जो हात आधी पुढे आला त्याच्यावर माल रिता केला आणि जयजयकार करीत परतलो. रात्री एका माळकरी म्हातारीने विचारले, "बुवा, वरच्या वाडीत कोणी गेलं काय?" आमची मान खाली गेली.

दुसऱ्या दिवशी देवळात वही घातली. वाडीवार घरे, माणसे, तान्ही लेकरे, कोणाची चूल पेटते, कोणाची नाही, सारे लिहिले. शिजलेले अन्न आधी, कोरडा शिधा मागाहून. वरच्या वाडीला डोक्यावरून. यात नवे काय? सप्ताहात घरोघरची पायली लिहून घेऊन आपण पंगतीचा अंदाज बांधतोच की!

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बादशाही कोठार रयतेला खुले केले, या कथेत आपण रंगतो. पुढचे ऐका. देव विठू महार होऊन बेदरला गेला, धान्याचे मोल भरले आणि पावती घेतली. जगाच्या मालकाला पावती कशाला? भुकेल्यांच्या अन्नाचा हिशेब चोख असावा, म्हणून.

आणि रूप कोणाचे घेतले? ज्याला गावाने वेशीबाहेर ठेवले त्याचे. महाडकरांनी तरी हे विसरू नये. येथल्याच चवदार तळ्याच्या ओंजळभर पाण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. तेव्हा वहीत जे घर शेवटी लिहिले जाते, वाटप तेथून सुरू करा.

मायबाप, सावित्री पुन्हा चढेल, डोंगरही भिजेल. यंदाच्या सप्ताहाला पायलीबरोबर एक शेर जास्त काढा, तो पावसाआधी देवळाच्या कोठीत ठेवा. आणि वाडीची वही आजच लिहा. मुखी नाम असावे, हाती वही असावी. एवढी सेवा पांडुरंगाने आपणांकडून करून घ्यावी, हीच त्याच्या चरणी प्रार्थना.

रामकृष्णहरि!