आधी खिडक्या उघडा

कोणी लावल्या या खिडक्या? माना खाली घालू नका, वर बघा. चाळीस जण एका खोलीत, दार ओढलेलं, खिडक्यांना कड्या, कोपऱ्यात डासांची कॉइल जळतेय आणि रात्री नऊ वाजताच निम्मी बाकं पेंगतायत! वर विचारलं की उत्तर तयार, "सर, डोकं दुखतंय, गणित शिरत नाही." शिरेल कसं?

विज्ञानदिनाला खोडदला गेलात, जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीच्या अजस्र तबकड्यांपुढे फोटो काढलेत. आकाशगंगांच्या गोष्टी ऐकून आलात आणि रोज रात्री जिथे बसता त्या खोलीतल्या हवेचा हिशेब एकालाही मांडावासा वाटला नाही? मांडा आता. बाहेरच्या हवेत दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइड सुमारे 420 भाग. तुमच्या उच्छ्वासात तोच शंभरात चार भाग, म्हणजे जवळजवळ शंभरपट. खोली बंद केलीत तर तो जाणार कुठे? पंखा चालू आहे हे मला सांगू नका. पंखा तीच हवा ढवळतो, नवी आणत नाही. म्युनिकच्या आरोग्यशास्त्रज्ञ पेटेनकोफरने 1858 सालीच खोलीतल्या हवेत या वायूची मर्यादा सांगून ठेवली होती, दहा लाखांत हजार. असा गच्च भरलेला बंद वर्ग ती सहज ओलांडतो. 2012 मध्ये अमेरिकेत बर्कलीच्या संशोधकांनी 22 जणांना 600, 1000 आणि 2500 भागांच्या हवेत बसवून पाहिलं. 2500 ला त्यांची निर्णय घेण्याची क्षमता चांगलीच घसरली. आणि तुम्ही त्याच हवेत प्रमेयं सोडवायला बसता! शिवाय एकाचा खोकला सगळ्यांच्या छातीत जातो, तो वेगळाच. क्षय असाच पसरतो.

"बिबट्या येतो, सर." येतो. जुन्नर-आंबेगावात उसाला लागून राहणाऱ्यांची भीती खोटी म्हणणारा मी नाही. दार लावा, अंधारात एकटे बाहेर पडू नका. पण खिडकीला गज आणि जाळी कशासाठी ठोकलीय? त्यातून बिबट्या येत नाही, हवा येते.

थंडी वाजते? स्वेटर घाला, कानटोपी घाला. आणि घरी घमेल्यात निखारे ठेवून दार लावून झोपणाऱ्यांनो, तुमच्यावर मी जास्त चिडलोय. त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस झोपेतच जातो. ते घमेलं आज रात्रीच घराबाहेर गेलं पाहिजे. घरचे ऐकत नसतील तर मला सांगा, मी येऊन बोलतो.

आता उठा. समोरासमोरच्या खिडक्या उघडा, ती कॉइल विझवा. वर्ग सुटेपर्यंत एकाही खिडकीची कडी लागता कामा नये. त्यानंतरही ज्याचं डोकं दुखेल, त्याने माझ्याकडे यावं.