आतल्या खोलीसाठी अँप्लिफायर

मिरज,
रविवार

चि. मुक्तास,


परवा फोनवर तू म्हणालीस, "मामा, तीनशे वॅटचा अँप मिळतोय, तळहातावर मावेल एवढा, आणि सहा-सात हजारांत. घेऊन टाकू?" मी तोंड उघडेपर्यंत तुझी मीटिंग सुरू झाली. एका अर्थी बरंच झालं. फोनवर तू नुसतं "हो मामा, हो मामा" करतेस आणि पुढे लक्षात काही राहत नाही. कागद निदान टेबलावर पडून तरी राहतो, म्हणून सविस्तर लिहितोय. हे वाचून होईपर्यंत काही मागवू नकोस, एवढं ऐक.

इकडे सगळं ठीक. आजीचा गुडघा थंडीत कुरकुरतो, तरी रोज संध्याकाळी अंबाबाईच्या देवळापर्यंत जाऊन येते. सोबत येतो म्हटलं की रागावते. मामीच्या शाळेचं गॅदरिंग झालं, त्यात साऊंडवाल्याने अख्ख्या गावाचे कान किटवले. मी आता सकाळीच काय तो दुकानात बसतो. दुरुस्तीला येतं काय, तर टीव्हीचे रिमोट आणि असल्या छोट्या अँप्लिफायरचे अडॅप्टर. तुझी काळजी वाटते ती त्या अडॅप्टरवरूनच, पण आधी ते तीनशे वॅट बघू.

लहानपणी दुकानातल्या स्टुलावर बसून तू जुन्या टू-इन-वनवरचे स्टिकर मोठ्याने वाचायचीस. समोर ठसठशीत "1000 वॅट पीएमपीओ", आणि मागचं झाकण काढलं की आत एक 4440 आयसी! त्या बिचाऱ्याची ताकद स्टिरिओत प्रत्येक बाजूला सहा वॅट. पीएमपीओचा तो फुगवलेला आकडा गेला, खोड मात्र राहिली. तू म्हणतेस त्यातल्या बऱ्याचशा अँपमध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीपीए 3255 ही चिप असते. चिप उत्तम आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. तिचा बाजूला तीनशेच्या वरचा आकडाही खोटा नाही. पण तो मिळतो पन्नासहून जास्त व्होल्ट दिल्यावर, 4 ओहमच्या स्पीकरवर, आणि आवाजात 10 टक्के विकृती चालवून घेतली तर. 10 टक्के विकृतीत किशोरीताईंची तान ऐकायला बसणार आहेस का तू?

आता अडॅप्टर उलटा करून त्याच्या पाठीवरची बारीक अक्षरं वाच. आऊटपुट 24 व्होल्ट, 5 अँपिअर असेल तर गुणाकार कर: 120. म्हणजे दोन्ही बाजू मिळून एकशेवीस वॅटच्या वर तो सतत काही देऊच शकत नाही, मग खोक्यावर काहीही छापलेलं असो. 32 व्होल्ट, 5 अँपिअर असला तर एकशेसाठ. कंपनीचं नाव बघायच्या आधी ही ओळ बघत जा. फोसी, आयमा, एसएमएसएल, कुणाचाही असला तरी हिशेब हाच.

आणि तुला लागतात किती? तुझ्याकडचे ते जुने छोटे स्पीकर 86 डेसिबलच्या आसपासचे असावेत. म्हणजे एक वॅट दिला की एक मीटरवर 86 डेसिबल. आपलं साधं बोलणं साठच्या घरात असतं. दहा वॅट दिले की 96, वीस दिले की 99. वॅट दुप्पट केले की आवाज वाढतो तीनच डेसिबल, आणि कानाला दुप्पट वाटायला दहापट वॅट लागतात. तुझ्या दहा बाय अकराच्या खोलीत, रात्री दहानंतर, शेजारी झोपलेले असताना तू एक वॅटसुद्धा वापरणार नाहीस. एनएडी कंपनीचा 3020 नावाचा अँप्लिफायर 1978 साली आला, कागदावर बाजूला फक्त 20 वॅट. जगभर लोकांनी तो वर्षानुवर्षं वापरला, अजून जुन्या बाजारात शोधतात. तेव्हा वीस खरे वॅट मिळाले तर डोळे मिटून घे, पण ते खरे असू देत.

लोकांच्या हॉलमधल्या मोठ्या सिस्टिमशी याची बरोबरी करत बसू नकोस. तिथे पाहुणे असतात, सिनेमा असतो. आतल्या खोलीतला अँप हळू आवाजात नीट वाजला पाहिजे, आणि स्वस्तातल्या अँपची गोची तिथेच होते.

म्हणून तुझ्याकडच्या एसपी रोडच्या बाजारात किंवा कुठेही दुकानात ऐकायला गेलीस तर दणका ऐकू नकोस. दुकानदार हमखास ढोल लावतो, लावू दे. तू काय करायचं ते सांगतो. गाणं बंद ठेवून अँप चालू कर आणि ट्विटरला कान लाव. थोडी 'सूं' प्रत्येकात येते, पण हातभर अंतरावरून ती ऐकू यायला नको. मग मोबाईलवर नुसता तंबोरा लाव आणि नॉब अगदी तळापासून सावकाश फिरव. स्वस्त पोटेन्शिओमीटर असेल तर आधी एक बाजू बोलायला लागते, दुसरी मागून येते. तंबोरा एका कोपऱ्यात जाऊन बसतो आणि नॉब बराच पुढे गेल्यावर मधे येतो. तू ऐकणार तेवढ्याच टप्प्यात हा दोष असतो, दुकानातल्या मोठ्या आवाजात तो कळतही नाही. चालू-बंद करताना स्पीकरमध्ये 'ठक्' असा जोराचा आवाज आला तरी सोडून दे.

तंबोराच का, तर तू मिरजेची आहेस म्हणून. सतारमेकरांच्या गल्लीतून शाळेला जाताना कारागिरांना तंबोऱ्याची जवारी लावताना तू शंभरदा ऐकलं असशील. घोडीवर तार टेकते त्या जागी सुताचा धागा तसूभर सरकवला की तार उमलते, मागेपुढे झाला की मिटते. 2024 साली आपल्या सतार-तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळालं, पण त्या कानाला मानांकन कोण देणार! तो कान तुला फुकट मिळालाय, तो वापर. जवारी खणखणीत असूनही टोचत नसेल तर अँप आणि स्पीकरचं जमलं म्हण. या 'क्लास डी' अँपमध्ये आतलं स्विच सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतं, आणि ती किलबिल गाळायला शेवटी कॉइल-कॅपॅसिटरचा फिल्टर असतो. साध्या अँपमध्ये स्पीकर किती ओहमचा आहे त्यावर त्या फिल्टरचं वागणं बदलतं, आणि वरच्या पट्टीचा आवाज जरा तीक्ष्ण किंवा जरा मंद होतो. त्यामुळे एकाच्या घरी गोड वाजलेला अँप दुसऱ्याच्या घरी कर्कश वाटू शकतो. काही नव्या अँपमध्ये फिल्टरच्या पुढून फीडबॅक घेतात, त्यांत ही भानगड कमी. पण तुझे स्पीकर सोबत नेता आले तर ने, रिक्षाचे पैसे मी देतो.

बास-ट्रेबलचे नॉब असलेलाच घे. शौकीन लोक नाक मुरडतात, म्हणे शुद्ध आवाजात ढवळाढवळ नको. मुरडू देत. आवाज हळू केला की माणसाच्या कानाला खर्ज आधी कमी ऐकू येतो, कानाची रचनाच तशी आहे. त्यात छोटे स्पीकर. रात्री बास दोन काटे वर केला तर कुणाचं काही बिघडत नाही. ब्लूटूथ असू दे, पण मागे साधी लाइन-इनची भोकं हवीतच. ब्लूटूथची फॅशन दर दोन वर्षांनी बदलते, ती भोकं मी कामाला लागलो तेव्हापासून तशीच आहेत.

आता अडॅप्टर. बाळा, हे नीट वाच. अशा अँपमध्ये बिघडतं ते बहुतेक वेळा बाहेरचं खोकं. गेल्या पावसाळ्यात गल्लीतला एक पोरगा अडॅप्टर घेऊन आला, खालचं प्लास्टिक लोण्यासारखं बसलेलं. गादी आणि भिंतीच्या फटीत रात्रंदिवस चालू ठेवला होता. उघडला तर आत कॅपॅसिटर फुगलेला आणि प्लगच्या तारेला नखाएवढंही अंतर न सोडता केलेलं सोल्डर. सुदैवाने चादर पेटली नाही. तू एकटी राहतेस, दिवसभर ऑफिसात असतेस, तुझ्या खोलीत पडदा प्लगला लागून आहे हे मी मागच्या खेपेला पाहिलंय. म्हणून सांगतो, अडॅप्टरवर बीआयएसचं चिन्ह आणि 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असल्याशिवाय तो घरात घेऊ नकोस. तो जमिनीवर, मोकळ्या हवेत, पडद्यापासून लांब राहील. बाहेर जाताना भिंतीवरचं बटण बंद, नुसता रिमोट दाबून नाही.

एक युक्तीही सांगतो. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचीच धाकटी चिप आहे, टीपीए 3116. ती साडेचार ते 26 व्होल्टवर चालते. तुझा जुना लॅपटॉप गेला, त्याचा 19 व्होल्टचा, नव्वद वॅटचा चार्जर घरी कपाटात पडलाय. चांगल्या कंपनीचा आहे, या बिननावाच्या खोक्यांपेक्षा मी त्यावर जास्त विश्वास ठेवीन. 19 व्होल्टमध्ये 8 ओहमच्या स्पीकरला बाजूला साधारण वीस वॅट मिळतात, म्हणजे तुला हवे तेवढेच! पण अँपच्या मागे किती ते किती व्होल्ट लिहिलंय ते वाच. पिन आतून प्लस आहे का, ती त्याच मापाची आहे का, हे मला फोटो पाठवून विचार, आणि मगच लाव. मनाने लावू नकोस. 48 व्होल्टचा अडॅप्टर 24 च्या अँपला लावून धूर काढलेले महाभाग मी पाहिलेत.

अँप घेशील तो अडॅप्टर बाहेर असलेलाच घे, दुरुस्तीच्या दृष्टीने ते बरं. आतला बोर्ड गेला तर आजकाल दुरुस्ती करणारे हात वर करतात, भाग इतके बारीक की भिंगाखाली धरावे लागतात. अडॅप्टर गेला तर तसल्याच व्होल्टचा दुसरा आणला की काम झालं. आतल्या कॅपॅसिटरचं आयुष्य उष्णतेवर असतं, दहा अंश वाढले की निम्मं होतं असं धरून चाल. क्लास डी फारसा तापत नाही, म्हणून लोक त्याच्यावर राऊटर ठेवतात, राऊटरवर पुस्तकं. तसं करू नकोस.

अँपच्या अंगाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर घाबरू नकोस, दोन पिनी अडॅप्टरमध्ये थोडी गळती असतेच. पण मला कळव. लॅपटॉप जोडल्यावर स्पीकरमधून भणभण आली तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघ. थांबली तर दोष अँपचा नाही, दोघांच्या अर्थिंगची गाठ पडलीये. त्यावर इलाज आहेत. कुणी सांगितलं म्हणून तीन पिनी प्लगची वरची पिन मात्र कापायची नाही. कुणीही सांगितलं तरी.

वायर महागाची नको. घरच्या वायरिंगची दीड एमएमची तांब्याची वायर तीन-चार मीटरला भरपूर होते. जोडताना एकही केसाएवढी तार बाहेर राहता कामा नये, शेजारच्या टर्मिनलला टेकली की शॉर्ट. आणि या अँपमध्ये दोन बाजूंची काळी टर्मिनलं एकमेकांना जोडायची नसतात, आतून ती वेगळी चालतात. जुन्या अँपची सवय असलेला एखादा मित्र "कॉमन कर" म्हणेल, त्याला चहा पाज आणि हात लावू देऊ नकोस.

तेव्हा माझं विचारशील तर 3116 वाला साधा अँप, बास-ट्रेबलचे नॉब, मागे लाइन-इन, परत घ्यायची सोय असलेला विक्रेता. स्पीकर 4 ओहमचे निघाले, किंवा पुढे मोठे आणायचा बेत असला, तर 3255 चा विचार करू, पण त्याच्या अडॅप्टरला तेवढेच पैसे जास्त लागतील आणि ते वाचवायचे नाहीत. मोठ्या जपानी कंपन्यांचं सर्व्हिस सेंटर जवळ असतं हे खरं, पण आतल्या खोलीसाठी तेवढा खर्च मला पटत नाही. ते पैसे साठव आणि एप्रिलमध्ये घरी ये.

आता तू करायची कामं. स्पीकरच्या पाठीमागच्या लेबलाचा फोटो पाठव, ओहमचा आकडा दिसेल असा. घरमालकांना सांगून वायरमन बोलाव आणि त्या प्लगला खरोखर अर्थिंग आहे का ते तपासून घे. बल्ब लावून स्वतः बघायला जाऊ नकोस, तुझा स्वभाव मला माहीत आहे. मंगळवारी कुरिअर करतोय. त्यात आजीने केलेली शेंगदाण्याची चटणी, मामीचं भडंग, आणि आठ मीटर वायर, चार तुकडे करून, टोकांना बनाना प्लग लावून. लाल टोक प्लस. चटणीचा डबा वर आहे, पिशवी उलटी धरू नकोस.

तुझा,
मामा