वरून आलंय

अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने 1970 साली एका छोट्याशा पुस्तकात मांडलं की, संस्था बिघडू लागली की माणसापुढे दोन वाटा असतात: बोलायचं, नाहीतर निघून जायचं. नायजेरियाची रेल्वे पाहताना त्याला हे सुचलं. रेल्वे ढासळत होती, आणि ज्यांनी आरडाओरडा केला असता ती गिऱ्हाइकं ट्रककडे वळली होती. सरकारी तिजोरी पाठीशी असल्यामुळे त्यांच्या जाण्याचं रेल्वेला काही वाटलं नाही.

भिवंडीच्या गोदामातली शिफ्ट इन्चार्जची नोकरी सोडल्यापासून मला ती रेल्वे सारखी आठवते.

मुंबईच्या तेव्हाच्या जकातीबाहेरची, नाशिक महामार्गालगतची, न्हावाशेवा बंदराच्या आवाक्यातली ही जागा. म्हणून काल्हेर, पूर्णा, राहनाळ, माणकोलीच्या भातखाचरांवर गाळे उभे राहिले. 2017 मध्ये जीएसटी आला, राज्याराज्यात वेगळं गोदाम ठेवण्याची गरज कमी झाली आणि शेड अवाढव्य होत गेल्या. सोबत अंतरही वाढलं. इथल्या यंत्रमागाच्या कारखान्यातला शेठ काही देवमाणूस नसतो, पण तो तिथेच बसलेला असतो आणि कारागीर त्याच्याशी भांडू शकतो. आमच्याकडे रॅकवरून माल काढणारा पिकर ठेकेदाराचा, शेड तिसऱ्याची, आणि टार्गेट ठरवणारा माणूस कुणी पाहिलेलाच नाही. कुणी विचारलं की मी सांगायचो, ‘वरून आलंय.’

मे महिना, सेलचा आठवडा, डोक्यावर तापलेला पत्रा. पाण्याचा कूलर डॉकच्या टोकाला. रॅकपासून तिथे जाऊन यायचं म्हणजे हातातल्या स्कॅनरवर तेवढी मिनिटं रिकामी दिसायची आणि टार्गेट हुकायचं. डोक्याला ओला गमछा बांधलेला एक पिकर मला म्हणाला, ‘साहेब, कूलर इकडे आणा ना.’ मी मेल केला. ‘नोंद घेतली आहे’ असं उत्तर आलं. पुढे स्क्रीनवर वरिष्ठांचं भाषण झालं: आपण एक कुटुंब आहोत, मोकळेपणाने बोला. कूलर जागचा हलला नाही. पिकर काम सोडून गेला, ठेकेदाराने दुसरा आणला, आणि एका माणसाचं म्हणणं कायमचं पुसलं गेलं. मला सगळ्यात जास्त लागलं ते हे. माणसं जाणार हे हिशेबात आधीच धरलेलं असतं, त्यामुळे ती का गेली हे कुणाला वाचावंसं वाटत नाही. मी सोडताना भरून दिलेल्या फॉर्मवर शिक्षण, प्रकृती, घरची अडचण अशी कारणं होती. वरिष्ठांबद्दल लिहायला जागा नव्हती.

मागणं मांडणं नवं नाही. कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांनी 1884 मध्ये गिरणी कामगारांच्या सह्यांचं निवेदन दिलं. मागण्या साध्या होत्या: रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार. रविवार मिळायला 1890 उजाडलं. सहा वर्षं फार झाली. तरी निवेदन कुणाच्या हातात द्यायचं हे तेव्हा कामगारांना ठाऊक होतं.

हर्शमनचं पुस्तक आलं त्याच वर्षी आपल्याकडे कंत्राटी कामगार कायदा झाला. पिण्याचं पाणी ठेकेदाराने द्यायचं, त्याने दिलं नाही तर मुख्य मालकाने, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. म्हणजे पाण्याचा प्रश्न ठेकेदारापाशी थांबत नाही, हे 1970 सालीच ठरलं होतं. त्या पिकरला तर पाणी नवं नको होतं, फक्त जवळ हवं होतं.