तुरटपणा जातो कुठे?

विदर्भात ज्याच्या पानांच्या विड्या वळतात, त्या टेंभुर्णीचं एक भावंड जपानच्या परसात उभं असतं. त्याचं नाव काकी, अर्थात पर्सिमॉन. त्यातल्या ‘शिबुगाकी’ प्रकारचं केशरी फळ कडक असतानाच चावलं, तर जीभ आखडते आणि टाळू कोरडाठाक पडतो.

हेच फळ शेतकरी शरदात सोलतात, देठाला दोरी बांधून वळचणीला टांगतात, अधूनमधून बोटांनी हलकेच चेपतात. काही आठवड्यांत ते सुरकुततं आणि अंगावर आपसूक साखरेची पांढरी भुकटी धरतं. ही होशिगाकी.

जपानी बौद्ध प्रवचनांत या फळाचा दाखला येतो: तुरटपणाच गोड झाला, तसे माणसाचे क्लेशच बोधी होतात. शिनरान (1173–1263) या आचार्यांनी त्यासाठी बर्फाची उपमा योजली होती. बर्फ जितका जास्त, तितकं वितळून पाणी जास्त.

पण फळ तसं सांगत नाही. बर्फ आणि पाणी एकच. तुरटपणा देणारं टॅनिन आणि साखर मात्र मुळातच वेगळी. साखर शिबुगाकीत आधीपासून भरपूर असते. सोललेल्या फळाचा वरचा थर सुकून आत प्राणवायू पोचेनासा होतो, गरात ॲसिटाल्डिहाइड तयार होतं आणि त्यानं टॅनिनचे रेणू एकमेकांत गुंततात. मग ते लाळेत विरघळत नाहीत आणि जिभेला जाणवत नाहीत.

म्हणजे टॅनिन गेलंही नाही, गोडही झालं नाही. ते तिथेच आहे.

याचा पुरावा स्वयंपाकघरात मिळतो. तुरटपणा काढलेल्या काकीचा मुरंबा करायला घेतला आणि गर तापला, की तुरटपणा परतू शकतो. जपानी भाषेत याला ‘शिबु-मोदोरी’ असा शब्दच आहे. पाली परंपरेत मनाच्या तळाशी निजलेल्या क्लेशांना ‘अनुसय’ म्हणतात. निमित्त मिळालं की ते जागे होतात. काकीचा दाखला बर्फापेक्षा या अनुसयाला अधिक चपखल बसतो. शांत दिसणाऱ्या माणसाचा राग खरंच निवळला, की त्याला अजून आच लागलेली नाही?

जपानी कारागीर मात्र फळ गोड होण्याची वाटच पाहत नसत. हिरवी, तुरट फळं ठेचून, पिळून ते रस आंबवत. त्या ‘काकिशिबु’चा हात कागदी छत्र्यांवर फिरे, मासेमारीची जाळीही त्यात बुडवली जात. पावसात छत्री टिके, ती त्या टॅनिनमुळे.