कौल मागताना

ग्रीसच्या वायव्येला, एपायरसच्या डोंगराळ मुलखात, डोडोना हे झ्यूसचं फार जुनं ठाणं. तिथल्या ओक वृक्षातून देव बोलतो अशी श्रद्धा होती. त्याला जे विचारायचं ते लोक शिशाच्या पातळ पट्टीवर कोरत आणि पट्टीची सुरळी करत. उत्खननात मिळालेल्या या पट्ट्यांवरचे चार हजारांहून अधिक मजकूर आज प्रसिद्ध झाले आहेत. त्यांत प्रश्नच प्रश्न आहेत, उत्तरं अगदी विरळ.

उत्तरं फारशी उरली नाहीत याची मला खंत वाटत नाही. देवाचं उत्तर देवाबरोबर जावं. माणसाचा प्रश्न माणसांकडे राहावा.

*

लिसानिअस विचारतो, अनिलाच्या पोटातलं मूल आपलं आहे का. आगिसची पांघरुणं आणि उशा गेल्या आहेत. त्या बाहेरच्या कुणी चोरल्या का, हे त्याला हवं आहे. क्लिओतासला मेंढ्या पाळाव्यात की नाही हे ठरवायचं आहे. हर्मोनला मुलं आहेत, तरी तो विचारतो : क्रेताइआपासून आणखी, उपयोगी पडेल असं मूल व्हावं म्हणून कोणत्या देवाला प्रसन्न करू?

‘उपयोगी पडेल असं’. आधीच्या मुलांबद्दल बापाला काय वाटत होतं, हे याहून अधिक कुणाला सांगता आलं नसतं.

*

‘पुढे काय होईल’ असं विचारणारे डोडोनाला थोडे. बहुतेकांचा प्रश्न ठरावीक घडणीचा : अमुक केलं तर ते माझ्या हिताचं होईल का? अमुक मिळावं म्हणून कोणत्या देवाची प्रार्थना करू?

उद्या काय होईल हे विचारणारा हात बांधून बसलेला असतो. काय करू हे विचारणारा वहाणा घालून आलेला असतो.

*

इ.स.पू. 401. झेनोफन या अथेन्सच्या तरुणाला मित्राचं बोलावणं आलं : इराणच्या राजपुत्र सायरसच्या पदरी ये. त्याने सॉक्रेटिसचा सल्ला घेतला. सायरसने अथेन्सविरुद्धच्या युद्धात स्पार्टाला मदत केली होती, त्याच्याकडे जाणं अथेन्सला खपणार नाही, ही सॉक्रेटिसची धास्ती. तो म्हणाला, डेल्फीला जाऊन अपोलोला विचार.

झेनोफन गेला. त्याने विचारलं : माझा प्रवास सुखरूप व्हावा म्हणून कोणत्या देवांना बळी अर्पू? अपोलोने देवांची नावं सांगितली.

परत आल्यावर सॉक्रेटिसने त्याला दोष दिला. जावं की राहावं, हे तू विचारलंच नाहीस. जायचं स्वतःच ठरवलंस आणि कसं जावं एवढंच विचारलंस. पण आता असं विचारलं आहेस, तर देवाने सांगितलं ते कर.

दैवी कौलाविषयी प्राचीन जगातून आपल्यापर्यंत आलेल्या कथांमध्ये मला ही सर्वांत खरी वाटते. इथे देव फसवत नाही आणि पुजारीही लबाड नाही. एका तरुणाला एक उत्तर ऐकायचं नव्हतं, म्हणून त्याने त्या उत्तराला जागाच ठेवली नाही. आपण सल्ला मागायला जातो तेव्हा किती वेळा हेच करत असतो!

पुढे सायरस लढाईत मारला गेला. सुमारे दहा हजार ग्रीक शत्रूच्या मुलखात अडकले आणि त्यांना काळ्या समुद्रापर्यंत वाट काढून नेणाऱ्यांत झेनोफन होता. कालांतराने अथेन्सने त्याला हद्दपारही केलं. ही डेल्फीची हकिकत आपल्याला माहीत आहे ती त्याने स्वतः लिहून ठेवली म्हणून. आपण चुकीचा प्रश्न विचारला हे लिहून ठेवणारा माणूस देवाशी नसला तरी वाचणाऱ्यांशी प्रामाणिक राहिला.

*

लिडियाच्या क्रीससची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. इराणवर चालून गेलास तर मोठं साम्राज्य बुडवशील, असा कौल मिळाला आणि बुडालं ते त्याचंच. हेरोडोटस सांगतो, नंतर डेल्फीने त्यालाच जबाबदार धरलं : कोणतं साम्राज्य, हे त्याने पुन्हा विचारायला हवं होतं.

अथेन्सने पुन्हा विचारलं. इ.स.पू. 480 मध्ये इराणी सैन्य चालून येत असताना डेल्फीचा पहिला कौल भयंकर आला : पळा. दूत निघून गेले नाहीत. शरणागताच्या फांद्या हाती घेऊन ते परत आत गेले आणि म्हणाले, आमच्या देशासाठी काही बरं सांग, नाहीतर इथेच मरेपर्यंत बसतो. तेव्हा लाकडी भिंतीचा कौल मिळाला. ती भिंत म्हणजे जुन्या गडावरचं कुंपण की जहाजं, याचा वाद नागरिकांच्या सभेत झाला. जाणकार म्हणवणाऱ्यांचा अर्थ बाजूला ठेवून लोकांनी थेमिस्टोक्लीस या नेत्याचा, म्हणजे जहाजांचा, अर्थ स्वीकारला आणि सलामिसची लढाई जिंकली.

कौल देवाचा, अर्थ सभेचा. आणि प्राण द्यायचे ते सभेतल्याच माणसांनी.

*

दैवी संकेताचा अर्थ असा स्वतः तोलणं सर्वांनाच साधलं नाही. इ.स.पू. 413 च्या ऑगस्टमध्ये सिरॅक्यूजहून अथेन्सचं सैन्य माघार घ्यायला सज्ज होतं. त्या रात्री चंद्रग्रहण लागलं. भविष्यवेत्त्यांनी तीन वेळा नऊ दिवस थांबायला सांगितलं आणि सेनापती निकिआसने त्यापूर्वी हलण्याची चर्चासुद्धा नाकारली. सैन्य नष्ट झालं, हजारो कैदी दगडाच्या खाणींत कोंडले गेले. देवाची भीती बाळगणं हा गुन्हा नव्हे. दुसऱ्यांच्या प्राणांवर ती भीती फेडणं हा गुन्हा आहे.

*

रोममध्ये पक्षी पाहून जे विचारलं जाई, ते भविष्य नव्हेच. देवाची आजच्या कामाला संमती आहे का, एवढंच. विचारणारा अधिकारी, विचारायचं राज्याच्या वतीने. विचार म्हणून हे मला उदात्त वाटतं : सत्ताधाऱ्याने प्रत्येक मोठ्या कामाआधी थांबावं, आणि नकार ऐकायची तयारी ठेवावी.

पण इ.स.पू. 59 मध्ये सीझरचा सहकारी कॉन्सल बिबुलस घरात बसून निरोप धाडत राहिला की आपण आकाशातले शकुन पाहतो आहोत. सीझरचे कायदे अडवण्याचा तो मार्ग होता. सीझरने ते तरीही पुढे रेटले. दोघांपैकी एकालाही आकाशाशी कर्तव्य नव्हतं. प्रश्न विचारण्याचा अधिकार ज्यांच्या हाती होता, त्यांच्याकडे प्रश्नच उरला नव्हता.

*

डोडोनाच्या एका पट्टीवर कित्तोस नावाचा गुलाम आहे. डायोनिसिओसने कबूल केलेलं स्वातंत्र्य आपल्याला मिळेल का, हे त्याला जाणून घ्यायचं आहे.

धन्याने दिलेला शब्द धनी पाळेल का, हे गुलाम धन्याला विचारू शकत नाही. त्याने तो प्रश्न धन्याहून मोठ्या कुणापुढे तरी ठेवला. शकुनविद्येवर हसणारे हुशार लोक तेव्हाही होते, आजही आहेत. त्यांचे युक्तिवाद बरोबरच आहेत. मात्र कित्तोसने आणखी कुठे जायचं, हे त्यांनी सांगितलेलं नाही.

*

इ.स.पू. 167 मध्ये रोमने एपायरसची सत्तर गावं एका ठरलेल्या दिवशी लुटली आणि दीड लाख माणसं गुलाम केली. डोडोनाही त्यातून सुटलं नाही. ही हकिकत नोंदवणाऱ्यांत प्लुटार्क आहे, आणि तो डेल्फीला अपोलोचा पुजारीही होता.

प्लुटार्कच्या काळी, म्हणजे इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांत, लोक हळहळत : डेल्फीचं वैभव गेलं, कौल सांगणारी पुजारीण पिथिया आता पद्यात बोलत नाही, राजे येत नाहीत. प्लुटार्क ती हळहळ मान्य करत नाही. युद्धं नाहीत, जुलमी राजे नाहीत, मग गूढ पद्यं कशाला? लोक विचारतात : लग्न करू का, समुद्रप्रवासाला निघू का, कर्ज देऊ का? नगरं विचारतात पिकांबद्दल, गुराढोरांबद्दल, आरोग्याबद्दल. प्लुटार्क म्हणतो, या शांततेत आपण समाधानी आहोत. त्या शांततेची किंमत त्याला ठाऊक होती. रोमच्या सत्तेखाली, लढावं की नाही हे विचारण्याचा हक्क ग्रीकांकडे राहिलाच नव्हता. तरीही मी त्याच्या बाजूने आहे. पांघरुणं, मेंढ्या आणि मुलं यांच्याविषयी विचारायला देवाकडे जाता येणं, हे क्रीससच्या सोन्याहून मोठं वैभव आहे.

तो सांगतो, आताची पिथिया गरीब शेतकऱ्याच्या घरात वाढलेली, सरळ वळणाची बाई आहे. कुठलीही विद्या न शिकता ती कौलाच्या आसनाकडे आली. तिच्या तोंडून साध्या गद्यात, विचारणाऱ्याला थेट कळेल असं उत्तर येई, आणि त्याने देवाचा मान कमी होतो असं त्याच्या पुजाऱ्याला वाटत नव्हतं.